नागपूरची तरुण मुलं आणि समाजाचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजातली पोरं-पोरी, त्यांचे आईवडील आणि कधी कधी त्यांचे शिक्षकही आम्हाला जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. समाजाचं काम म्हणजे नेमकं काय? रक्तदान, वृक्षारोपण, कपडे वाटप, एवढंच का?

ही सगळी सेवाच आहे आणि ती लागतेच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्यांना पाणी देणारी, जेवण वाढणारी, चुकलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गावच्या गाडीपर्यंत नेऊन सोडणारी बहुतेक तरुण मुलंच असतात. ती नसती तर तो दिवस पार पडणं अवघड होतं.

पण कामाचा आणखी एक भाग आहे, आणि आमच्या मते नागपुरात तो फार कमी होतो. तो म्हणजे पाठपुरावा. एखाद्या वस्तीत नळाला पाणी नाही म्हणून कॅन नेऊन देणं ही सेवा झाली. तिथली पाइपलाइन मंजूर आहे का, काम कुठे अडलं, ते महापालिकेच्या कोणत्या झोनकडे (विभागीय कार्यालयाकडे) आहे, हे शोधून वस्तीतल्या बायांसोबत त्या कार्यालयात दर पंधरवड्याला जाऊन उभं राहणं हे दुसरं काम. त्यात टाळ्या मिळत नाहीत, फोटोही नीट येत नाही, पण नळ त्यानेच येतो. तुम्ही पाणी वाटा, आणि सोबत हेही करा.

२. "युवा" म्हणून वयाची मर्यादा किती?

योजनेवर अवलंबून आहे. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ वर्षं धरतो. भारताच्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ आहे. म्हणून कुठेही अर्ज करताना तिथली अट वाचा. वस्तीतल्या कामाला वयाची मर्यादा नाही. १८ पूर्ण नसतील तर प्रश्न १३ पाहा.

३. हवामान बदल वगैरे मोठ्या देशांचे प्रश्न आहेत. नागपूरच्या पोराने त्यात काय करायचं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. उन्हाळा आपल्याला नवा नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, घरात कूलर, आंब्याचं पन्हं हे सगळं आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. पण ज्याच्या घरावर टिनाचं छप्पर आहे आणि ज्याला दुपारी दोन वाजता हातठेला ढकलावाच लागतो, त्याच्यासाठी दोन-तीन अंशांचा फरक जीवावरचा ठरतो. त्यात रात्री गारवा मिळाला नाही की शरीर सावरत नाही.

पाण्याचंही तेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वाहिली आणि लोक झोपेतून उठले तेव्हा घरात पाणी होतं. माणसं गेली. दुकानांतला माल, मुलांची वह्या-पुस्तकं, गाद्या, सगळं चिखलात गेलं. पाऊस इतक्या कमी वेळात इतका कोसळण्याची शक्यता तापलेल्या वातावरणाने वाढते, कारण गरम हवेत बाष्प जास्त मावतं. पण ते पाणी घरात शिरलं त्याला नदीच्या पात्रातली बांधकामं, बुजलेले नाले आणि तुंबलेल्या जाळ्या जबाबदार होत्या. जगाचा प्रश्न आणि महापालिकेचा प्रश्न इथे एकाच दारातून आत आला.

आणि तिसरी गोष्ट. शहराच्या उशाशी कोराडी आणि खापरखेडा इथे कोळशावर चालणारी वीज केंद्रं आहेत. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं. हा बदल होईल तेव्हा त्या केंद्रांत आणि वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणींत राबणाऱ्या घरांचं काय, राखेच्या तलावाशेजारच्या गावांचं काय, हे नागपूरच्या मुलांनी विचारायला नको का? दिल्लीत बसून ते कोणाला दिसणार नाही.

४. ते १७ शाश्वत विकास ध्येयांचं काय असतं? आमच्या प्रोजेक्टला लागतं.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्य देशांनी २०३० पर्यंत गाठायची म्हणून १७ ध्येयं आणि त्याखाली १६९ लक्ष्यं ठरवली. गरिबी, भूक, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पाणी, हवामान असे विषय त्यात आहेत. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर रंगीत चौकोन चिकटवून थांबू नका. एक लक्ष्य घ्या, ते तुमच्या वॉर्डात कसं मोजता येईल ते ठरवा. सहावं ध्येय पाण्याचं आहे. तुमच्या गल्लीत नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, टोकाच्या घराला पुरतो का, हे महिनाभर लिहा. तुमचा प्रोजेक्ट त्या वहीतच तयार होईल.

५. माझ्याकडे फक्त रविवार आहे. सुरुवात कुठून करू?

घराजवळून करा. पाचपावलीच्या मुलाने हिंगण्याला जाऊन काम सुरू केलं तर परीक्षा आली की ते सुटतं.

पहिले काही रविवार काहीच वाटू नका, काही उपक्रमही जाहीर करू नका. नुसतं जा, बसा, विचारा. अंगणवाडी ताई, आशा ताई, किराणा दुकानदार आणि सफाई कामगार या चौघांना वस्तीची खडान् खडा माहिती असते. त्यांच्याशी बोलल्याशिवाय तुमचा अंदाज चुकीचा निघण्याची शक्यता जास्त. लोकांना शिकवणी वर्ग हवा असेल असं समजून जावं आणि तिथे खरी अडचण रात्री दिवे नसल्याची असावी, असं नेहमी होतं.

मग एकच विषय धरा. तो निदान एक पूर्ण वर्ष धरा, म्हणजे उन्हाळा, पावसाळा आणि परीक्षा तिन्ही त्यातून जातील. गटात तिघं-चौघं असली तरी भरपूर.

६. एनएसएसमध्ये नाव टाकल्याने काय होतं? एनसीसी बरं की एनएसएस?

राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास नियमित काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर अशी तिची साधारण बांधणी आहे. एनसीसीत शिस्त, कवायत आणि सैनिकी प्रशिक्षणावर भर असतो. ज्याला ज्याची ओढ आहे त्याने ते घ्यावं.

एनएसएसचं खरं मोल त्या सात दिवसांत आहे. उमरेड किंवा काटोल भागातल्या एखाद्या गावात शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपायचं, सकाळी श्रमदान, दुपारी घरोघरी पाहणी, रात्री गावकऱ्यांसोबत बैठक. शहरातल्या मुलाला संत्र्याच्या बागेवरची गारपीट आणि कापसाचा भाव पहिल्यांदा तिथे कळतो. शिबिर संपल्यावर त्या गावाशी नातं ठेवा, हे आम्ही प्रत्येक तुकडीला सांगतो. पाहणीचे कागद कपाटात ठेवू नका, ग्रामसभेत वाचून दाखवा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास ग्रामसभा होतात.

कॉलेज सोडलं असेल तर केंद्र सरकारच्या "माय भारत" या मंचावर नोंदणी करता येते. तो ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला आणि १५ ते २९ वयोगटासाठी आहे.

७. विदर्भातच शिकायला जाता येईल असं काही आहे का?

आहे, आणि आपण त्या बाबतीत नशीबवान आहोत. सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले, तो आश्रम नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतका जवळ आहे. वरोऱ्याजवळचं आनंदवन बाबा आमटेंनी १९४९ मध्ये उभं केलं. त्यांच्याच प्रेरणेने चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला १९६७ पासून उन्हाळ्यात युवकांची श्रमसंस्कार छावणी भरते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने २००६ मध्ये तरुणांसाठी "निर्माण" हा उपक्रम सुरू केला. शिबिराला जाताना एकच अपेक्षा ठेवा, की आपण प्रश्न घेऊन परत येऊ. परतल्यावर काय करायचं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

८. घरचे म्हणतात, आधी एमपीएससी काढ, मग समाजसेवा कर. काय सांगू?

आईवडिलांचं चुकत नाही. ज्या घरात एकाच्या पगारावर सगळं चालतं, त्या घराला मुलाच्या नोकरीची घाई असणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. आठवड्याचे तास ठरवा, ते घरी सांगा आणि ते पाळा. परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत गटाला मोकळेपणाने सांगून बाजूला व्हा, कोणी नाव ठेवणार नाही.

एकदा आईला सोबत न्या. हा आमचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. एका मुलाची आई "पोट्टं उन्हात फिरून ऱ्हायलं" म्हणून चिडली होती. ती वस्तीतल्या वाचनालयात येऊन बसली, तिथल्या बायांशी बोलली, आणि पुढच्या वेळेस डबाभर चिवडा घेऊन आली.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी आणखी एक. झोन कार्यालय, तलाठी, रेशन दुकान, प्राथमिक आरोग्य केंद्र कसं चालतं हे ज्याने जाऊन पाहिलं आहे, त्याला प्रशासनाचा अभ्यास पाठ करावा लागत नाही.

९. ताई, मी मुलगी आहे. संध्याकाळी वस्तीत जाऊ देत नाहीत. आणि गटातच कोणी त्रास दिला तर?

वेळ तुमच्या सोयीची ठरवा, सकाळची असली तरी काम अडत नाही. पहिल्या भेटींना दोघी-तिघी मिळून जा, कुठे चाललो आणि कधी परतणार हे घरी आणि गटात कळवून ठेवा. अडचण आली तर ११२. गटाच्या बैठका कोणाच्या खोलीवर न ठेवता वाचनालय, समाजभवन किंवा कॉलेजात ठेवा. हा नियम मुलांनी लावून धरावा, मुलींना मागावा लागू नये.

गटातल्या त्रासाबद्दल फार मुलींना एक गोष्ट माहीत नसते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्वेच्छेने, विनापगार काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असावीच लागते. तशी समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. "दादा मोठे कार्यकर्ते आहेत, जाऊ दे" असं कोणी म्हटलं तरी जाऊ देऊ नका. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसवणारी माणसं त्या संस्थेचं भलं करत नाहीत.

१०. उन्हाळ्यात आमचा गट काय करू शकतो?

बरंच काही. अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला, पुढे नागपूरनेही केला. आराखडा कागदावर असतो. तो हातठेलेवाल्यापर्यंत, बांधकामावरच्या मजुरापर्यंत, एकट्या राहणाऱ्या आजीपर्यंत पोचवायला माणसं लागतात.

मार्च संपायच्या आत वस्तीची यादी करा: एकटे राहणारे म्हातारे, गरोदर बाया, तान्ही मुलं, टिनाच्या घरात आजारी असलेली माणसं. एप्रिल-मेमध्ये यादीतल्या प्रत्येकाकडे दिवसाआड डोकावायचं. दार वाजवायचं, बोलायचं, माठात पाणी आहे का पाहायचं. टिनाला आतून ताडपत्री किंवा बाहेरून चुना लावायला मदत करा, त्याने घर थोडं तरी गार राहतं. पाणपोई लावली तर रोज भरणारा आणि रोज माठ घासणारा कोण हे नावानिशी ठरवा. उद्घाटन झालेले आणि मेमध्ये कोरडे पडलेले माठ पाहून फार वाईट वाटतं.

उष्माघात ओळखायला प्रत्येकाने शिकावं. माणूस बरळायला लागला, चालताना तोल गेला, अंग चटका बसेल इतकं तापलं, की वेळ घालवायची नाही. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, काखेत आणि मानेला ओला थंड कपडा ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर असेल तर ओआरएस घोट घोट द्या.

रस्त्यावर अपघात झाला तरी मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. तुम्हाला साक्षीसाठी अडकवता येत नाही, नाव सांगायचं की नाही तेही तुम्ही ठरवायचं.

स्वयंसेवकांनी स्वतः दुपारी बारा ते चार फिरू नये. ही भेटीगाठीची कामं सकाळी आणि सहानंतर करा.

११. सिकलसेलबद्दल जनजागृती करायची आहे. काय बोलावं, काय बोलू नये?

पूर्व विदर्भात हा आजार मोठा आहे, म्हणून नागपूरच्या मुलांनी या विषयात शिरावं असं आम्हाला मनापासून वाटतं. तो रक्ताचा आजार आहे, जन्मतःच आईवडिलांकडून येतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि माणसाला सांध्यांत, पाठीत असह्य कळा येतात. तो स्पर्शाने, जेवणाने, सोबत राहिल्याने होत नाही. वाहक आणि रुग्ण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहक सहसा ठणठणीत असतो. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के असते. "एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली" असं समजणारे लोक भेटतात. त्यांना नीट सांगा की प्रत्येक वेळी हिशोब पहिल्यापासून सुरू होतो.

पहिली चाचणी बोटातल्या थेंबावर होते. ती सकारात्मक आली तर पुढची पक्की तपासणी करावीच लागते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी त्यात धरली आहे. तपासणी सरकारी दवाखान्यांत होते.

आता काय करू नये. कोणाचा अहवाल चौकात मोठ्याने वाचू नये, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकू नये. एखाद्या मुलीचं लग्न त्यावरून मोडलं तर जबाबदार आपण. "हा अमक्या जातीचा रोग" हे वाक्य तर तोंडातही आणू नका. आणि शिबिरानंतर गायब होऊ नका. ज्यांना गोळ्या सुरू झाल्या त्या नियमित चालू आहेत का, पोरगं शाळेत किती दिवस गैरहजर राहतं, हे पुढे वर्षभर पाहणारा मित्र त्या घराला हवा असतो.

१२. झाडं लावायची आहेत आणि नाग नदी साफ करायची आहे. परवानगी लागते का?

झाडांसाठी जागेच्या मालकाची लागते. रस्त्याकडेला किंवा बागेत लावायचं तर महापालिकेच्या उद्यान विभागाशी बोला. जूनच्या मध्यानंतर, जमीन नीट भिजल्यावर लावा. कडुनिंब, करंज, बहावा, चिंच, मोह, उंबर ही आपल्या मातीतली झाडं टिकतात. विजेच्या तारेखाली उंच वाढणारं झाड लावलं तर पाच वर्षांनी छाटणीवाले येतीलच. तितकीच झाडं लावा जितक्यांना पुढच्या एप्रिल-मेमध्ये पाणी घालू शकाल. आम्ही गटांना दहा सांगतो, कोणी हजार म्हटलं तर विचारतो, टँकर कोणाचा? उभं झाड तोडायला मात्र महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागतेच, स्वतःच्या अंगणातलं असलं तरी.

नदीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. नाग नदीत सांडपाणी येतं. त्या पाण्यात मुलांनी उतरू नये, चेंबर किंवा बंद नाल्यात तर मुळीच नाही, आत विषारी वायू असतो. काठावरचा सुका कचरा जाड हातमोजे आणि बूट घालून गोळा करा. त्याहून मोठं काम म्हणजे कोणता नाला कुठे मिळतो, त्यातून काय वाहतं याचा नकाशा आणि फोटो तारखेसह जमा करणं. ते पुराव्यासारखं वापरता येतं. कसं, ते प्रश्न १४ मध्ये पाहा. फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर या तलावांवर गणपतीत कृत्रिम हौदाशी उभं राहून निर्माल्य वेगळं करणं हेही अतिशय उपयोगाचं आहे.

१३. मला अजून १८ पूर्ण नाहीत. काय करता येईल?

पुष्कळ. आईवडिलांची लेखी संमती घ्या आणि एक मोठा माणूस सोबत असू द्या. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना लेखनिक हवे असतात. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे आठवी-नववी-अकरावीच्या मुलांची फार गरज पडते. सुवाच्य अक्षर आणि सांगितलं तेवढंच लिहिण्याचा प्रामाणिकपणा हवा.

रक्तदान १८ नंतरच, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असावं लागतं. मतदार यादीसाठी १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला १८ पूर्ण असतील तेव्हा नाव चढतं. अर्ज क्रमांक ६. नगरसेवकपदासाठी उभं राहायला २१ वर्षं लागतात, आमदारकीला २५.

१४. तक्रारी करून थकलो, कोणी ऐकत नाही. पुढे काय?

आधी तक्रार योग्य दारी गेली का पाहा. महापालिकेचे दहा झोन आहेत, लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत. तुमची गल्ली कोणत्या झोनमध्ये येते हे घरटॅक्सच्या पावतीवर मिळेल. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) ले-आउटचा रस्ता असेल तर महापालिकेत हेलपाटे मारून उपयोग नाही. तोंडी सांगू नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहिती अधिकार. २००५ चा कायदा आहे, अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. "रस्ता का केला नाही?" असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण तो जाब झाला. "अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कार्यादेशाची, मोजमाप पुस्तिकेतील नोंदींची आणि देयकांची प्रत द्यावी" असं मागा. कागद मागितला की कागद मिळतो.

विषय लोकांत न्यायचा असेल तर नागपूरकडे स्वतःची पद्धत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत मोहल्ल्यातली पोरं महागाई, भ्रष्टाचार, रोगराई यांचे बडगे, म्हणजे पुतळे काढतात. १८८० च्या दशकापासून हे चाललं आहे. तुंबलेल्या नाल्याचा बडग्या शहराला जेवढा आठवतो तेवढं निवेदन आठवत नाही.

१५. वर्गणी गोळा करायची तर संस्था नोंदवावी लागते का?

आपसांत पैसे काढून काम करायला काही लागत नाही. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात रीतसर जावं लागतं, गणेश मंडळं जातात तसंच. कायम काम करायचं असेल तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासदांची संस्था नोंदवता येते. परदेशातला मित्र पाचशे डॉलर पाठवतो म्हणाला तर थांबा, परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला केंद्राची वेगळी नोंदणी लागते.

नोंदणीची घाई मात्र करू नका. दरवर्षीचे हिशोब, बदल अहवाल, लेखापरीक्षण हे सांभाळताना काम मागे पडलेले गट आम्ही पाहिले आहेत. जुन्या विश्वासू संस्थेच्या छत्राखाली एक-दोन वर्षं काम करा. पैसा एकाच्या वैयक्तिक खात्यात कधीच घेऊ नका.

१६. फोटो-रील टाकायला हरकत आहे का? त्याशिवाय लोक जोडत नाहीत.

कामाचे टाका. घेणाऱ्याच्या चेहऱ्याचे, ब्लँकेट हातात देतानाचे टाकू नका. संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. बाकी मुलांसाठीही पालकांना विचारा.

आणि माहिती तपासून टाका. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी देशभर फिरली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की स्वयंचलित केंद्राच्या संवेदकात बिघाड होता. उन्हाळा खरोखरच घातक आहे, खोट्या आकड्याने तो मुद्दा कमजोर होतो.

१७. नेत्याने साहित्य देऊ केलं, पण बॅनरवर फोटो हवा म्हणतो. घ्यावं का?

गटात बसून आधीच नियम ठरवा, माणूस समोर उभा असताना नाही. आम्ही सुचवतो ते असं: वस्तू चालेल, पावती देऊ, आभार मानू, पण वस्तीत फोटोचं बॅनर नाही. निवडणुकीच्या काळात काहीच घेऊ नका. पक्षात जाणं वाईट नाही, तरुणांनी राजकारणात जावंच. पण गटाचं नाव घेऊन जाऊ नये. तुमच्याच गटात दुसऱ्या पक्षाला मत देणारी मुलं आहेत.

१८. मोर्चात गेलो तर गुन्हा दाखल होतो का? नोकरी अडते का?

शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिला आहे. नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा राज्यभरातून मोर्चे इथे येतात, पोलिसांना ते रोजचं आहे. परवानगी घेतलेला मोर्चा, ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ पाळली तर सहसा काही होत नाही. जमावबंदीचा आदेश असेल आणि तो मोडला, तोडफोड झाली, तर गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो सांगावा लागतो. लपवलेला गुन्हा सांगितलेल्या गुन्ह्यापेक्षा जास्त नडतो. अजनीतली झाडं वाचवायला तरुण उतरले तेव्हा रस्त्यावरच्या साखळीइतकंच झाडांची मोजणी आणि न्यायालयातली लढाई महत्त्वाची ठरली. तिथे हात लागतात, ते काम निवडलं तरी तुम्ही आंदोलनातच आहात.

१९. परदेशातल्या युवा परिषदेचं निमंत्रण आलं, पण आधी शुल्क मागतात. जावं का?

मोठं शुल्क, "निवड झाली" असं लगेच आलेलं पत्र, संयुक्त राष्ट्रसंघासारखं दिसणारं चिन्ह आणि पत्ता नाही, असं असेल तर सोडा. कर्ज काढून जाणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. हवामानाच्या वाटाघाटींत तरुणांचा अधिकृत गट "यंगो" आहे, त्याचं सभासदत्व घेता येतं आणि बरंच काम ऑनलाइन चालतं. जी-२० च्या वेळी मार्च २०२३ मध्ये सी-२० ची, म्हणजे त्यातल्या नागरी संस्थांच्या गटाची प्रारंभिक परिषद नागपुरातच झाली होती. अशा ठिकाणी बोलायची वेळ आली तर प्रश्न ४ आणि १० मधल्या वह्या सोबत न्या.

२०. संस्था पूर्णवेळ काम करून घेते आणि फक्त प्रमाणपत्र देते. हे योग्य आहे का?

नाही. रविवारचे चार तास स्वेच्छेने देणं वेगळं. रोज दहा ते सहा, ठरलेलं लक्ष्य, सुटीला परवानगी, असं असेल तर ती नोकरी आहे आणि तिचे पैसे मागायला लाजू नका. प्रवासखर्च आणि जेवण तर स्वयंसेवकालाही मिळावं, नाहीतर गरीब घरची मुलं या कामातून आपोआप बाहेर पडतात आणि ज्यांचे प्रश्न आहेत तेच टेबलावर नसतात.

सतत दुसऱ्यांचं दुःख ऐकून झोप उडाली, चिडचिड वाढली, तर सुटी घ्या, कोणाशी तरी बोला. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं.

२१. मला पुण्यात नोकरी लागली. वस्तीतलं काम अर्धवट आहे, काय करू?

जा, मनात अपराधी वाटू देऊ नका. आपल्या शहरातून दरवर्षी कितीतरी मुलं पुणे, बंगळूर, हैदराबादला जातात. गट त्याच हिशोबाने बांधावा.

निघण्याआधी निदान महिनाभर तुमच्या जागी येणाऱ्याला सोबत फिरवा. आशा ताई, झोनमधले बाबू, दुकानदार यांच्याशी प्रत्यक्ष ओळख करून द्या, नुसते फोन नंबर देऊ नका. प्रलंबित अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती, अपिलाच्या तारखा, हिशोबाची वही आणि उन्हाळ्याची यादी एका फायलीत लावा. वस्तीतल्या लोकांना स्वतः सांगा की तुम्ही जात आहात. लहान मुलांना तर नक्की सांगा, ती वाट पाहतात. माहिती अधिकाराचा अर्ज तुमच्या नावावर असेल तर उत्तर तुमच्या घरच्या पत्त्यावर येईल, ते गटाकडे द्यायला घरी सांगून ठेवा. आणि पुण्यात दीर्घकाळ राहणार असाल तर मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरा.